विसरून परत आलेले

३ नोव्हें., सोम.
सकाळीच वि.चा फोन. (डॉक्टर-पेशंटच्या बोलण्यावरचा जुना लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला; वि. आता पुण्यात.) "ताई, आपल्या लेखाचा दाखला परदेशातल्या पाठ्यपुस्तकात आलाय!" लेख तोच, सहा वर्षांपूर्वीचा. खेड्यातला पेशंट डॉक्टरांपुढे मान डोलावतो अन् दारापर्यंत जाईतो सगळं विसरतो. पुरावा म्हणून आमचा लाडका रकाना, 'विसरून परत आलेले'. तपासून बाहेर पडले की पाच-दहा मिनिटांत पुन्हा आत येणारे.
त्याच लेखाच्या जिवावर आता, जिथे तो अभ्यास केला त्या आरोग्य केंद्राच्या पडवीत औषधांची चित्रं दाखवणारा मोठा पडदा बसणार. जागेसाठी तिथला बाक काढायचा. २१ला परभणीत बैठक, शिफारस माझी. दिवसभर हरभऱ्याच्या झाडावर होते.

५ नोव्हें., बुध.
गंगाखेडपर्यंत एस.टी., पुढे रिक्षा. पडवी मोजायला गेले होते. आत गर्दी, म्हणून बाकावर टेकले. सहा वर्षांपूर्वी मी कायम आत, डॉक्टरांच्या टेबलाशी. पेशंट उठला की माझा रेकॉर्डर बंद. बाहेर एकदाही बसले नव्हते.
बाकाच्या टोकाला कौसाबाई, केंद्राची जुनी शिपाईण. झाडते, केसपेपर लावते. गयाबाई नावाची मेंढरंवाली म्हातारी साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेऊन बाहेर आली. कौसाबाईनं तिला हाताला धरून बसवलं.
"काय मनले डाक्टर?"
"त्याच गोळ्या. सकाळी अन् रातच्याला, जेवल्यावर."
"सकाळी जेवतीस का तू?"
"कुठलं गं! चहा पिऊन मेंढरं सोडते. भाकर दुपारलाच."
"अन् गोळी?"
"गोळी सकाळीच. मंग दिस वर आला की डोळ्यापुढं अंधारी."
"हे सांगितलंस का त्यायला?"
म्हातारी गोळ्यांची पुडी पदरात बांधू लागली.
"ऊठ. मला सांगितलं तसंच आत जाऊन सांग."
गयाबाई पुन्हा आत. दारातून दिसलं, डॉक्टरांनी खुर्चीत नीट बसून ऐकलं, गोळीची वेळ बदलली.
माझ्या कागदावर ती 'विसरून परत आलेली' झाली असती.

६ नोव्हें., गुरु.
घरी. भाजी करपली, लक्षच नाही. जुने कागद काढून बसले. परत आत आलेल्यांचं पहिलं वाक्य जवळपास सगळीकडे एकच: "साहेब, एक सांगायचं राहिलं." माझ्याच अक्षरात लिहिलेलं! सांगायला आलेल्या माणसांना मी विसरभोळी ठरवलं, आणि वर पाठ्यपुस्तकात गेले.
लाज वाटतेच आहे. पण त्याहून जास्त, कौसाबाईचं नवल वाटतंय. परत आत पाठवत होती ती. सगळ्यांना.

११ नोव्हें., मंगळ.
डॉक्टरांची परवानगी घेऊन, संमतीच्या कागदावर बायांचे अंगठे घेऊन, रेकॉर्डर लावून सकाळभर बाकावर. तपासून बाहेर आलेली बाई आपण होऊन कौसाबाईजवळ जाते. कौसाबाई औषधाबद्दल एक अक्षर बोलत नाही. खाता कवा? गोळी आणून देतं कोण? घरात सांगितलं का? एवढंच. आणि ऐकताना ती समोरच्या बाईकडे बघत नाही, केसपेपर लावत राहते. न बघितल्यामुळे बोलणं सोपं जातं, हे मला इतकी वर्षं शिकून, शिकवून कळलं नव्हतं. एक नवी सून तिच्या कानाशी जे बोलली, ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नसतं.
"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"
"मला कोन शिकवतंय, मॅडम? आमची माय गोळ्या घरी आनायची अन् नुसत्या बघत बसायची. कवा घ्यायच्या ते इचारायची लाज." मग केसपेपर सारखे करत म्हणाली, "गेली."


१४ नोव्हें., शुक्र.
ठरलं. नियतकालिकाला पत्र: आमचा रकाना चुकीचा, निष्कर्ष मागे घेतो. बैठकीतही तेच, बाक हलवू नका. वि. उखडला. "ताई, आपल्याच पायावर धोंडा? पुरावा काय?" म्हटलं, बाकावरचं रेकॉर्डिंग आहे. मग नरमला. "ते असेल तर ऐकतील."

२० नोव्हें., गुरु.
पत्र कौसाबाईला वाचून दाखवलं. तिचं नाव वरतीच घातलंय. वाटलं, खूश होईल. फार तर नोकरी जाईल म्हणून भिईल.
"नावाचं काय, घाला न्हाईतर नका घालू. पर बाया बोलल्या ते त्या डबीत हाय ना? उंद्या मीटिंगीत वाजवनार?"
"अंगठे घेतलेत, कौसाबाई. सगळ्या हो म्हणाल्यात."
"तुमाला हो मनल्या. त्या डाक्टरलाबी होच मनतेत, मॅडम."
माझा सगळा अभ्यास या एका गोष्टीवर, भिडेपोटी डोलावलेल्या मानेवर, आणि ती मला माझ्याच बाबतीत दिसली नव्हती. कौसाबाई रागावलीही नव्हती. फिकीर तिला त्या बायांची.
"मग पुसून टाकू?"
"तुमी शिकलेल्या. तुमीच बघा." केसपेपर उचलून आत गेली.
पुसलं. तिथेच बसून, एकेक. नव्या सुनेचं आधी.
उद्या अकराला बैठक. पुरावा विचारणारच. गयाबाईपासून सुरू करावं म्हटलं तर ते तिनं मला कुठे सांगितलंय, ते कौसाबाईला. मग माझं असं काय आहे सांगण्यासारखं? चूक. तेवढी एक माझी आहे. एवढ्यावर बाक राहील का, माहीत नाही; पण उद्या तेवढीच सांगणार.