कवळीच्या कर्जाची वाटणी

ती. मावशीस,

तुझ्या लाडक्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ('वाकून' वाचूनच दुखला असेल तर माफ कर.) मी ठणठणीत आहे, फक्त काडीमोड चालू आहे.

गेल्या आठवड्यात मध्यस्थांपुढे आमच्या कर्जांची वाटणी होती. कपाटाचे हप्ते ह्यांना, शिलाई मशीनचे मला, असं सगळं सुरळीत वाटून झालं आणि गाडी अडली ह्यांच्या कवळीपाशी. ('हे' म्हणणं कधी थांबवायचं, ते माझ्या वकीलबाईंनी अजून सांगितलेलं नाही.) कवळी ह्यांच्या तोंडात, पण तिचं कर्ज माझ्या नावावर, कारण ह्यांना बँक दारात उभं करत नाही. वकीलबाई मला म्हणाल्या, कर्ज ज्याच्या नावावर त्यानं फेडायचं, संसारासाठी काढलं असेल तर दोघांनी. पण आपण म्हणू, ही ह्यांची एकट्याची हौस, फेडतील तेच. (हौसेला मोल नसतं म्हणतात. हप्ता असतो.) तसं म्हटल्यावर हे भडकले. "तुझ्या नावावर ना? मग घे तुझा माल!" म्हणत कवळी काढून टेबलावर आपटली आणि पुढची सगळी बाजू बोळक्या तोंडानं मांडायला लागले.

कुणाला एक अक्षर कळेना. ह्यांचे स्वतःचे वकील छताकडे बघत बसले. ती भाषा जगात एकट्या मला येते (आमची भांडणं कवळी पेल्यात गेल्यावरच व्हायची), म्हणून मीच सांगायला बसले. हे म्हणतात, हट्ट हिचा होता, धाकट्या दिराच्या लग्नात फोटो चांगला यावा म्हणून. हे म्हणतात, ह्याच दातांनी मी इतकी वर्षं हिच्या हातचं करपलेलं चावलं, हा संसार नाही तर काय? शेवटचं हे बोललेच नव्हते, मावशी! मुद्दा लंगडा पडत होता, मला राहवेना, मी जोडून दिलं. वकीलबाईंनी टेबलाखालून लाथ घातली, पण मध्यस्थांना पटलं होतं. कर्ज निम्मंनिम्मं. माझ्याविरुद्धची बाजू मीच जिंकून दिली! हे बोळकं पसरून हसत सुटले, आणि खरं सांगते, त्या फोटोतसुद्धा हे इतके गोड दिसले नव्हते.

तुझी,
निम्मी कर्जबाजारी भाची

ता. क. गडबडीत कवळी माझ्या पर्समध्ये आली. निम्मी माझी आहे, म्हणून मी ती देत नाही. हे दोन्ही वेळा इथे येतात, लावतात, जेवतात आणि धुऊन परत करतात.

आणखी एक ता. क. काडीमोडानंतर मी येणार म्हणून तू झाडून ठेवलेली खोली भाड्यानं देऊन टाक. पहिलं भाडं तेवढं इकडे पाठव. हप्ता थकलाय, आणि बँकेनं कवळी उचलून नेली तर हे जेवायला कशाला येतील?