सहा पूर्णांक आठ इंच, उरेब

ताई,

माणूस केवढा दिसला म्हणजे जवळ आहे असं वाटतं? पंधरा दिवस मी या प्रश्नावर विचार करतेय आणि मला उत्तर येत नाही, हे पहिल्याच ओळीत कबूल करते. (पदवी मिळाली म्हणजे सगळं येतं, असा आपल्या घरात समज आहे. परवा आईनं शेजारच्या काकूंच्या मिक्सरचं अडकलेलं पातं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, बघ गं, तू शिकलेली आहेस.)

तुला मनापासून नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे बरा आहे आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे नाही. बाबांच्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे घरभर निळे धागे, अगदी वरणातसुद्धा. मी वाचनालयात आहे तशीच आहे. पुस्तकं देते, परत घेते, पानं दुमडणाऱ्यांशी सौम्यपणे भांडते. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण ‘मजेत’ हे उत्तर मी तुझ्याकडून एकशे चार रविवार ऐकलंय. खरं तर हे पत्र त्या ‘मजेत’बद्दलच आहे. पण मी वळसे घेत घेत तिथे येईन, तू मला ओळखतेस.

तर रविवार. तू त्या लांबच्या इस्पितळात नर्स म्हणून गेलीस तेव्हापासून दर रविवारी अकराला इकडे काय चालतं, ते तुला अर्धंच दिसतं. माझा फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा. समोर आई, तिच्या डाव्या खांद्यावरून बाबा, उजव्या खांद्यावरून मी. पडद्यावर तू काडेपेटीएवढी, तीही धुक्यातली. मग आईला ऐकू येईनासं होतं, ती फोन उचलून कानाला लावते, आणि पुढची दहा मिनिटं तू आईच्या कानाच्या भोकाशी बोलतेस. गेल्या महिन्यात असंच बोलणं झालं, तू फोन ठेवलास, आणि बाबा म्हणाले, “पोरगी वाळलीय.”

“चेहरा धड दिसत नाही, तुम्हाला वाळलेली कुठे दिसली?” आई म्हणाली.

“चेहरा कोण बघतंय? गळा बघत होतो. मीच शिवलाय तो कुडता. दोन बोटं सैल झालाय.”

पुढच्या दोन दिवसांत आईच्या हातून दोनदा दूध उतू गेलं आणि बाबांनी एका गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तिसऱ्या दिवशी मी मनाशी म्हटलं, मोठ्या पडद्याचा फोन घ्यायचा. तू बरी आहेस की नाही, ते एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मोकळं व्हायचं.

आता अडचण अशी की, वाचनालयात माझ्या टेबलामागे मीच रंगवलेली पाटी आहे: ‘हवं आणि लागतं यांत फरक आहे.’ (अक्षर चांगलं आलंय. ‘फ’ जरा झुकलाय.) त्या पाटीखाली बसून मी वर्तमानपत्रातली फोनची पानभर जाहिरात कात्रीनं कापत होते, आणि ग्रंथपाल बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा कात्रीकडे, आणि विचारलं, हे हवंय की लागतंय? मी म्हटलं, लागतंय, बहिणीला बघायला. त्या म्हणाल्या, मग बहिणीलाच चार दिवस बोलवून घे की, पुष्कळ स्वस्त पडेल. तू ‘रजा मिळत नाही’ म्हणतेस, ते मी त्यांना सांगितलं, पण सांगताना माझाच आवाज मला पटेना.

शनिवारी बाबांना घेऊन दुकानात गेले. तिथे इतका लखलखाट होता की, बाबांनी दारात दोनदा पाय पुसले. माझ्याच वयाच्या एका विक्रेतीनं फोन आमच्यापुढे ठेवला, तान्हं बाळ ठेवावं तसा, आणि म्हणाली, सहा पूर्णांक आठ इंच. बाबांनी गळ्यातली टेप काढली. (ते ती विसरून घालून येतात की मुद्दाम, याचा छडा मला अजून लागलेला नाही.) आडवं मोजलं, तीन इंचही भरेना. उभं मोजलं, सहाला सूतभर जास्त.

“बाई, यात सहा पूर्णांक आठ कुठे आहे?”

“काका, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिरकं मोजतात.”

“उरेब?” बाबा म्हणाले.

(विसरली नसशीलच, तरी सांगते: कापड तिरकं धरणं म्हणजे उरेब. उरेब कापड ओढावं तसं ताणलं जातं, म्हणून बाबा गिऱ्हाइकाला उरेब माप कधी सांगत नाहीत. त्यांच्या लेखी ती उघड लबाडी.)

“जगभर असंच मोजतात, काका.”

“मग मीही उद्यापासून छाती खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी मोजतो. एकेक पैलवान निघेल आमच्या गल्लीत.”

ती इतकी हसली की, मला वाटलं, आता घेतल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. आणि खोटं कशाला सांगू, मला तो हवाही होता. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. हातात घेतला तेव्हा गार लागला, नदीतल्या दगडासारखा. बंद पडद्याच्या काळ्या काचेत माझा चेहरा दिसला, आणि तो चेहरा बराच वाचलेल्या, बराच फिरलेल्या बाईचा होता. मी तिला ओळखत नव्हते, पण मला ती आवडली. एवढ्या पडद्यावर पुस्तकं वाचता येतील, असंही मनात आलं. (मी वाचनालयात नोकरी करते, हे त्या क्षणी आठवलं नाही.)

मग मी विक्रेतीला म्हटलं, यावर एक फोटो बघायचाय. तुझ्या वाढदिवसाला तू पाठवलेला फोटो तिनं त्यावर उघडला. तू पडदाभर आलीस, ताई. आणि पडदाभर धूसर आलीस. नाकाच्या जागी चौकोन, डोळ्यांच्या जागी चौकोन. तुझ्या गळ्यापाशी बाबांनी अंगठ्यानं हलकेच पुसून पाहिलं, काचेवर काही लागलं असेल म्हणून.

विक्रेती हळूच म्हणाली, “काका, समोरून जेवढं येतं तेवढंच दिसतं. त्यांच्याच फोनचा कॅमेरा गेलाय. तुम्ही मोठा घेतलात तर धुकं मोठं दिसेल, एवढंच.” विक्रेत्या माणसानं असं बोलू नये, तिला नक्की कोणीतरी रागावणार. मी तिचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. घरापर्यंत बाबा एकच वाक्य बोलले: “म्हणजे कापडच कमी येतंय.”

तुझा फोन बिघडलाय हे तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं तर ‘चालतोय की’ म्हणतेस. तेव्हापासून माझ्याकडे एकाचे दोन प्रश्न झालेत. फोन बिघडलाय म्हणून तू अंधुक दिसतेस, की अंधुक दिसावं म्हणून तो तसाच ठेवलायस? रागावू नकोस. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी तुला आठ दिवस ताप होता, आणि मला कळू नये म्हणून तू माझ्याशी पाठमोरी उभी राहून बोलायचीस, भांडी घासतेय म्हणून. आपल्याकडे तेवढी भांडी नव्हती, ताई. मी अभ्यासातून मान वर केली नाही, ते मला अजून खुपतं. तुझी कॉट आम्ही हलवलेली नाही. आई तिच्यावर धुतलेले कपडे ठेवते, आणि संध्याकाळी, कोणी झोपायला येणार असल्यासारखी, ते उचलून घेते.

असो. सगळ्या बाजूंनी विचार करून, पाटीला स्मरून, मी ठरवलंय की मोठ्या पडद्याचा महागडा फोन आमच्या घरात नको. वेळेवर जेव. आईबाबांचा आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. १: शेवटचा परिच्छेद पुन्हा नीट वाच. ‘आमच्या घरात’ नको असं लिहिलंय. तुझ्या खोलीत नको, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

ता. क. २: सोमवारी मी एकटी पुन्हा दुकानात गेले. किंमत विचारू नकोस; वाचनालयात पाटीकडे नुसती पाठ करून भागेना, म्हणून सध्या पाटीच उलटी करून ठेवलीय. फोन एक दिवस माझ्याकडे होता. त्यात माझे चौदा फोटो आहेत, त्यातले अकरा एकाच बाजूनं. पुसून टाक. सगळे नको.

ता. क. ३: येत्या रविवारी फोन कशाला तरी टेकवून उभा कर आणि चार पावलं मागे जा. डोक्यापासून पायापर्यंत दिसली पाहिजेस, उजेडाकडे तोंड करून. मग एकदा सावकाश वळ. बाबा टेप घेऊन बसणार आहेत. आईनं फोन कानाला लावायचा नाही असं कबूल केलंय. जशी असशील तशी दिस. वाळली असशील तर वाळलेली, रडली असशील तर रडलेली. ‘मजेत’ म्हणू नकोस, आम्ही बघून घेऊ.

ता. क. ४: फोन परत पाठवायचा विचार करशील, म्हणून हे पत्र मी मुद्दाम दोन दिवस उशिरा टाकतेय. पार्सल मंगळवारीच गेलं. ‘पाठवणाऱ्याचा पत्ता’ या रकान्यातही मी तुझाच पत्ता लिहिलाय.