बिनपॅलेडियमचं पॉलिमर

४ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून रोज आठला लॅबमध्ये. आजचे आठ वाजून गेले, पण निश्चयच आत्ता झाला, त्याला इलाज नाही.

पीएचडीचं सातवं वर्ष. सरांनी शेवटची मुदत दिली: ३० तारखेपर्यंत पॉलिमर, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. काम किरकोळ आहे. बेंझीनच्या वलयांचे दोन जातींचे रेणू घ्यायचे. पॅलेडियम धातू मध्ये पडून त्यांची सोयरीक जुळवतो. एकाला एक जोडत लांब साखळी झाली, की ते पॉलिमर. माझ्या साखळ्या सहा कड्यांवर अडतात. पॅलेडियम कामचुकार आहे.

८ मार्च
सव्वादहाला पोचलो. हवा लागली की पॅलेडियम मरतं, म्हणून फ्लास्कमध्ये आधी अर्धा तास नायट्रोजन सोडायचा असतो. नऊ मिनिटं सोडला. बाकी एकवीस मिनिटं चहा. साखळी: पाच कड्या. लॅबमधल्या ज्युनिअर बाई म्हणाल्या, दादा, ते ढवळायचं मॅग्नेट तरी धुवा, काळंकुट्ट झालंय. पहिल्या वर्षापासून हेच मॅग्नेट वापरतोय. आमच्यात तिसऱ्याने पडू नये.

११ मार्च, रात्री
फ्लास्क तापत ठेवून घरी आलो. जिन्यात आठवलं, पॅलेडियम घालायचंच राहिलं. परत जाणारच होतो, पण हिने पानं वाढली होती.

१२ मार्च
फ्लास्कमध्ये पिवळा, चिवट गोळा. साखळी मोजली. एकशे चाळीस कड्या. पॅलेडियमशिवाय.
वहीत नोंद: ‘पॅलेडियम जाणीवपूर्वक वगळले.’

१४ मार्च
पुन्हा केलं. एकशे अडतीस. जगभरची मंडळी उगाच पॅलेडियमच्या पाया पडतायत. हिला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे काही न करता झालं? हो म्हटलं. मग सात वर्षं करत काय होतास, म्हणाली. घरच्यांना विज्ञान समजावणं कठीण. सासूबाईंना मात्र फोनवर सांगून टाकलं, महिनाअखेरीस जावई डॉक्टर.

१७ मार्च
ज्युनिअरने माझी कृती तंतोतंत केली. पाण्यासारखं पाणी. बिचारीला हातगुण नाही. सरांना सांगितलं, ही पद्धत फक्त माझ्या हाताने चालते. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावले असावेत.

२१ मार्च
सरांनी मला नवं मॅग्नेट दिलं आणि माझं तिला. माझ्या फ्लास्कमध्ये पाणी. तिच्या फ्लास्कमध्ये एकशे एक्केचाळीस.
निष्कर्ष: हातगुण मॅग्नेटमध्ये उतरतो. यावर वेगळा पेपर होईल.

२४ मार्च
ज्युनिअरने मॅग्नेटवरचा काळा डाग खरवडून तपासला. पॅलेडियम. सात वर्षांचं, थरावर थर. तेच गुपचूप साखळ्या जोडत होतं. मी वरून घालायचो ते हवेने मेलेलं पॅलेडियम उलट मध्ये लुडबुडून साखळ्या अडवायचं. आता ते घातलं कुणी? मी. म्हणजे शोध माझाच.

३० मार्च
सरांनी बोलावलं. मॅग्नेटवरच्या थराबद्दलचा पेपर ज्युनिअरच्या नावावर जाणार. बिनपॅलेडियमचं असं माझं काहीच उरलं नाही, म्हणून रजिस्ट्रेशन रद्द. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. सरांच्या समोर नाक शिंकरलं.

मग सर म्हणाले, एक अडचण आहे. तसा थर दुसऱ्या कुणालाच जमत नाहीये. ज्युनिअरने आठ मॅग्नेट खराब करायचा प्रयत्न केला, पण ती दर वेळी नीट काम करते. तेव्हा टेक्निशियन म्हणून राहतोस का, म्हणाले. रोज यायचं, जमेल तेव्हा. नायट्रोजन अर्धवट सोडायचा. काही सुधारायला जायचं नाही. अशी सात वर्षं.

घरी सांगितलं. ही म्हणाली, हे तुला नक्की जमेल. माझ्याबद्दल तिला इतक्या खात्रीने बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं.