एक दार वर, एक दार खाली

शहापूर,
ता. १४ नोव्हेंबर २००५

चि. सकूस देवरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला तू विचारलंस की दादाने घरात समुद्र ठेवलाय म्हणतात तो नक्की कसा आहे. पाहुण्यांच्या गडबडीत मला नीट सांगता आलं नाही, आणि फोनवर मापं सांगितली की ऐकणारा नुसता हं हं करतो. म्हणून लिहितो. माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा:

काचेची टाकी, चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच दहा मिलिमीटर, सांधे सिलिकॉनचे. दीड वर्षात थेंब गळलेला नाही. शेजारी जमिनीवर दुसरी लहान टाकी, तिच्यात वरचं पाणी उतरतं आणि पंपाने परत चढतं. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र पीव्हीसी पाइपचं केलं. त्यात हवेचे बारीक बुडबुडे लागतात, ते पांगाऱ्याच्या लाकडाच्या तुकड्यातून सोडले. मुंबईचा दुकानदार हेच यंत्र तयार विकतो. मी बघून आलो, त्याचे बुडबुडे माझ्यापेक्षा मोठे आहेत. चार ट्यूब, दोन पांढऱ्या, दोन निळ्या, पत्रे मी वाकवले. लाइट गेली की पंप आपोआप ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जातो. वायरमनच्या घरी एवढं तरी असावं. खारं पाणी मुंबईहून आणलेल्या मिठाचं, तेही मोजून.

आता स्टँड. साग, पंचवीस वर्षं वाळलेला. सहा फूट लांब, तीस इंच उंच, अठरा इंच खोल. आत चार उभ्या फळ्या. त्यातल्या तीन बरोबर टाकीखाली येतात, कारण भरल्यावर वजन साडेतीनशे किलोच्या वर जातं. दोन दारं, एक वर उघडतं, एक खाली. खिळा एकही नाही, सगळे सांधे कुसाचे. जुन्या लाकडाला दाव्याची सात भोकं होती, त्यांना सागाचीच बुचं मारली. हात फिरवला तर लागणार नाहीत.

आत जोकर माशांची जोडी आहे, एक कोळंबी आहे आणि मऊ पोवळी आहेत. त्यांतलं एक छत्रीसारखं. आणलं तेव्हा पेरूएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. हे सगळं मी रद्दीतल्या एका इंग्रजी पुस्तकावरून शिकलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुझी वहिनी निर्मला म्हणते, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर मास्तर झाला असता.

मनस्वीला आशीर्वाद. भात झोडून झालं का ते कळव. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
देवरामदादा


टोकावडे,
ता. २७ नोव्हेंबर २००५

ती. देवरामदादास सकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. मनस्वीने एकदा वाचलं, मी दोनदा. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. म्हैस व्यायली, रेडकू झालं. म्हणजे आमच्याकडचं सगळं पाण्याबाहेरचं आहे आणि बरं आहे.

तुझी टाकी चार फुटांची आणि स्टँड सहा फुटांचा, हे काय गणित रे? उरलेल्या दोन फुटांवर वहिनीला बसवतोस काय? आणि एक दार वर, एक खाली, हे पानटपरीला शोभतं. एवढा मापाचा माणूस तू, दारं चुकली म्हणून सरळ सांग. मी कुणाला बोलणार नाय.

हसून झालं. पुढचं लिहिते. दाव्याची सात भोकं वाचली आणि मी कागद खाली ठेवला. आमच्या गोठ्यात सात दावी होती. ते खांब मनस्वीच्या बाबांनी आपल्या हातांनी उभे केले होते, तिच्या जन्माच्या आधी. ते गेले, एक म्हैस ठेवून बाकी ढोरं विकली, गोठा उतरवला, तेव्हा तूच टेंपो घेऊन आलास. ओट्यावर उभा राहून म्हणालास, हे लाकूड कुणाला देऊ नको, माझ्या भाचीचं कपाट याचंच होणार, लग्नात मामाचं. मी आहेरावर आहेर नाय मागत, पण हे तू आपणहून बोललास. अडीच वर्षं झाली. मी कधी विचारलं नाय, कारण तू बोललास म्हणजे होणार.

दादा, ते लाकूड माशांच्या खाली आहे का?

मनस्वीला वाशिंदचं स्थळ आलंय. मुलगा साईनाथ, कारखान्यात कामाला, सरळ दिसतो. जमलं तर उन्हाळ्यातच. म्हणून विचारते, नायतर नसतं विचारलं.

वहिनीस नमस्कार. राग धरू नकोस, पण उत्तर दे.

सकू


शहापूर,
ता. १० डिसेंबर २००५

चि. सकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. स्थळ चांगलं आहे. मुलगा माझ्या माहितीतला आहे, कामावर वेळेवर येतो, हत्यार जागेवर ठेवतो.

दारं चुकलेली नाहीत. मुद्दाम तशी आहेत.

लाकूड बारकूरावांच्या गोठ्याचंच आहे. ते नीट आहे. त्यावर पाच हात पॉलिश आहे आणि टाकीखाली थर्माकोल आहे, पाणी लागत नाही.

टाकी हलवण्याचं म्हणशील तर ते सोपं नाही. पोवळी दगडाला धरून वाढतात. पाणी उपसायचं, दगड काढायचे, पुन्हा रचायचे, म्हणजे दीड वर्षाची घडी मोडते. काय जगेल, काय मरेल, पुस्तकातही लिहिलेलं नाही. सध्या पाणी सव्वीस अंशांवर आहे, लोडशेडिंग रोज चार तास आहे, आणि छत्रीला बाजूला नवीन कोंब आलाय.

कपाटाचं बघू. लग्न ठरलं की तारीख कळव.

थंडी आहे, पहाटे शेतावर जाताना कानाला बांधत जा.

देवरामदादा


टोकावडे,
ता. २२ जानेवारी २००६

ती. दादास सकूचा नमस्कार. वि. वि.

लग्न ठरलं. रविवार, सात मे, आपल्या दारातच मांडव.

मी चार वेळा तुझं पत्र वाचलं. कपाटाचं बघू, एवढं एकच वाक्य आमच्या वाटचं होतं, बाकी सगळं माशांचं. तुझ्या छत्रीला कोंब आला ते बरं झालं. माझ्या घरातून एक पोर चाललीय, तिचंही कुठंतरी माप घेऊन ठेव.

मुरबाडला जाऊन मी लोखंडी कपाट बघून आले. हिरवं आहे, आरसा आहे, विसार देऊन आले. मनस्वीला विचारलं तर ती म्हणाली, मामाला काही बोलू नको आई, त्याला मूल नाय, त्याने मासे पाळले तर काय झालं. पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली. मी मात्र सांगते दादा, माशांचं मला वाईट नाय वाटलं. तू विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, घे, वापर. तू मला विचारलंच नाय, आणि मापं मात्र सगळी कळवलीस, याचं वाटलं.

आता त्या लाकडाचं बोलणं संपलं. सोयऱ्यांत मी कपाट विकतचंच सांगितलंय. अंतरपाट धरतील तेव्हा पोरीच्या मागे मामा लागतो, तेवढ्याला ये. हात रिकामे असले तरी चालतील.

वहिनीला आधीच पाठव, पापड करायचे आहेत.

सकू


शहापूर,
ता. १९ एप्रिल २००६

चि. सकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मध्ये पत्र लिहिलं नाही, कारण काम पुरं झाल्याशिवाय लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता झालंय.

तू सहा फुटांचं गणित विचारलं होतंस. सहा फूट ही लांबी नव्हे, उंची आहे. बारकूरावांचं लाकूड आणलं त्याच वर्षी मी कपाट केलं. सहा फूट उंच, तीस इंच रुंद, अठरा इंच खोल, चार फळ्या, पाच खण, दोन दारं. मनस्वी तेव्हा कॉलेजात होती, लग्नाला अवकाश होता, कपाट भिंतीला रिकामं उभं होतं. टाकी झाली तेव्हा स्टँड लागला. मी कपाट आडवं निजवलं आणि त्यावर टाकी ठेवली. आडवं निजवलं की खणाच्या फळ्या उभ्या होतात आणि दारांतलं एक वर उघडतं, एक खाली. पाइपसाठी त्याला भोक पाडलेलं नाही, सगळ्या नळ्या बाहेरून नेल्या होत्या. पाठ लावायची राहिली होती, ती आता लावली.

तुला विचारलं नाही हे खरं आहे. टाकी तयार होती, त्या दिवशी ठेवायचीच होती, आणि विचारायचं म्हणजे तू हो म्हणेपर्यंत थांबायचं. थांबलो नाही. नंतर छत्री वाढत गेली आणि सांगायचं लांबत गेलं. डिसेंबरात तुला कळवलं तेव्हा काय करायचं ते माझंही ठरलेलं नव्हतं. मनस्वीला लोखंडी कपाट घेऊन द्यावं असं मनात आलं होतं.

पुढचं असं केलं. टाकीसाठी शेजारी विटांचा ओटा बांधला, वर कडाप्पा. एकवीस दिवस पाणी मारलं. मग एका रविवारी, लोडशेडिंगचे चार तास संपल्यावर, पाणी तीन पिंपांत काढलं, दगड पाण्याखालीच ठेवून हलवले. टाकी उचलायला पाड्यावरचे झिपरू आणि नवशा आले होते, कारखान्यात पोती उचलतात ते. झिपरू म्हणाला, शेठ, एवढे मासे सांभाळता आणि रश्श्याला एक नाय. पुन्हा रचायला सहा तास लागले.

जोकरांची जोडी जगली. कोळंबी दुसऱ्या दिवशी मेली. छत्री नऊ दिवस मिटून राहिली आणि दहाव्या दिवशी गळून पडली. तिचा कोंब, अंगठ्याएवढा, एका दगडाला धरून आहे. तो परवापासून उघडतोय.

कपाटात दोन उणिवा आहेत, आधीच सांगतो. डाव्या बाजूवर, टाकी होती तिथे, चार फूट बाय दीड फुटाचा फिकट पट्टा उमटलाय. घासून पॉलिश केलं तर जाईल, पण मनस्वीला विचारल्याशिवाय हात लावला नाही. दुसरी, दाव्याची बुचं आता उजव्या हाताला खांद्याच्या उंचीला येतात. बघितलं तर दिसतात. तीही काढली नाहीत.

टेंपो एक मे रोजी सकाळी निघेल, मी बरोबर असेन. ओट्याच्या पायऱ्या किती उंच आहेत ते मोजून कळव. लोखंडी कपाट घेतलंस तर असू दे, त्यात बियाणं उंदरांपासून वाचेल. वहिनी पापडाला पंचवीसला येते.

एक गोष्ट पहिल्या पत्रानंतरची आहे, ती तुला कळवायची राहिली. तुझं दाव्यांचं पत्र येण्याच्या दहा दिवस आधी, वीस नोव्हेंबरला, हायवेवर नवीन हॉटेल काढणारा एक जण घरी आला. दर्शनी भागात ठेवायला टाकी, मासे, स्टँड सगळं एकत्र मागत होता. मी म्हटलं, टाकी आणि मासे न्या, स्टँड भाचीचा आहे. तो म्हणाला, स्टँडशिवाय नको, त्याच्याचसाठी आलोय. मी दोन दिवस मागून घेतले, लगेच नाही म्हणालो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बांधकामावर जाऊन नाही सांगून आलो. एकसष्ट हजार देत होता.

देवरामदादा