सूर्यचुलीतली तुरीची डाळ

अप्पा, निंबर्ग्याच्या ज्या शाळेत तुम्ही जन्मभर विज्ञान शिकवलंत, तिच्या छतावर काल मी उभी राहून सोलारच्या प्लेटा बसवून घेतल्या. मुख्याध्यापकांनी बटण दाबलं, पंखे फिरले, पोरांनी कालवा केला आणि मला रडूच आलं. सुटल्यासारखं वाटलं बघा.

तुम्ही अणुविजेचे भक्त. पण आधी तसे नव्हता. मी लहान असताना ती सूर्यचूल, काळी पेटी, वर काच आणि आरसा, तुम्हीच हौसेनं आणली होती. आळंदहून तपासणीचे साहेब जेवायला येणार होते, तेव्हा आईला म्हणालात, "आज डाळ हिच्यातच लाव. बघू दे साहेबाला." साहेबांनी पहिला घास घेतला आणि तुरीचा दाणा दाताखाली कडकन वाजला. "मास्तर, डाळीला ऊन लागलं न्हाई वाटतं?" सगळे हसले, तुम्ही सोडून. साहेबांची पाठ वळताच पेटी माळ्यावर गेली. "ऊन भरवशाचं न्हाई. असल्या डब्यावर देश चालतोय व्हय? देशाला अणूच पायजे." पुढं वर्गातही तेच, घरातही तेच.

तुमच्यासाठी मी अणुवीज केंद्रात नोकरी धरली. ती सोडून सोलारच्या कामाला लागले, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "कामून सोडलीस? कच्च्या डाळीची चव इसरलीस का?" पुढं आपण बोलत राहिलो, पाऊसपाणी, तुमचं बीपी, पण हा विषय तुम्ही जाईपर्यंत निघाला नाही. तुमचंच खरं ठरलं तर, ही धास्ती मी इतकी वर्षं पोटात घेऊन काम केलं.

आता गेली ती. मादन हिप्परग्याकडं जाताना माळावर प्लेटाच प्लेटा दिसतात, पलीकडं पवनचक्क्या फिरायल्यात. देशात नवी वीज येतेय ती अणूपेक्षा उन्हावाऱ्याचीच जास्त. तुमचा लेक अण्णा सोलारच्या पंपावर तुरीला भर दिवसा पाणी देतो, रात्री शेतात जावं लागत नाही, म्हणून आई निवांत झोपते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरं, बरं, शेफारू नकोस."

शेफारायला तोंड कुठं आहे मला? हे पत्र कपाटातच राहणार, म्हणून लिहिते. साहेब जेवायला आले त्या दिवशी ऊन चांगलं कडक होतं, अप्पा. काचेवर वाफ धरलेली, आतलं काही दिसेना. डाळ शिजली का बघायला मी चार-पाच वेळा झाकण उघडलं होतं, दर वेळी आतली ऊब बाहेर घालवत.