पितळी स्क्रूला हात लावू नये

मी, खाली सही करणारी, फिल्मचे जुने कॅमेरे आणि हाताने फिरवायच्या लेन्स दुरुस्त करणारी बाई, वय एकाहत्तर, राहणार स्वतःच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाच्या भरीला पडून लिहीत नाही. धाक एकाच गोष्टीचा आहे, तो आधीच सांगून टाकते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, आमचं रोजचं काम आहे." मीही गिऱ्हाइकांना जन्मभर हेच सांगत आले. पण रोजच्या कामातच कधीतरी चिमट्यातून स्प्रिंग उडते आणि सगळी खोली झाडून काढली तरी सापडत नाही. मला भीती वाटते, म्हणून लिहायला बसले.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच, तर त्याला दाखव म्हणावे.

कलम एक. दुकानाची जागा आणि वरच्या खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. माझ्या पश्चात त्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी. जिन्याची चौथी पायरी हलते, ती त्याने आधी बसवून घ्यावी. मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलली. कामाच्या टेबलावरचा लांब मानेचा दिवा सूनबाईला द्यावा. या घरात घेतलेली वस्तू पुन्हा जागेवर ठेवणारी ती एकटीच आहे, आणि हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही.

कलम दोन. मुलाला माझ्या कॅमेऱ्यांपैकी एकही मिळू नये. तो वाईट नाही. पण मागच्या खेपेला फळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "आई, काचेच्या कपाटात हे काय दिसतील! आतून दिवे सोडू. पाहुणे बघतच राहतील." मी म्हटले, "पाहुणे बघतील आणि बुरशी खाईल." तो हसला. त्याला विनोद वाटला. बंद कपाटात हवा कोंडली की लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा मुलामा खाऊन टाकते. मग पुसून काही उपयोग नसतो. शटरचेही तसेच. बसून राहिलेल्या म्हाताऱ्याचे गुडघे धरतात, तसे ते धरते. मुलाने याचा राग मानू नये. मानलाच, तर वर जिन्याचे सांगितले आहे, तिथे काढावा.

कलम तीन. फळ्यांवरचे सर्व कॅमेरे आणि लेन्स चित्रकलेच्या मास्तरांना द्याव्यात. खाली बसून माझ्याशी वाद घालणारे ते एकच गिऱ्हाईक, आणि आजही फिल्म भरून फोटो काढतात. त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. प्रत्येक कॅमेरा अधूनमधून हातात घेऊन सगळ्या वेगांवर शटर उडवावे, हळू वेगांवर जास्त वेळा, कारण तेच आधी आळसावतात. शटर ओढून, न उडवता कॅमेरा ठेवून देऊ नये, स्प्रिंग थकते. बॅटरी असेल ती काढून ठेवावी. काही अडले तर जोर करू नये. जोर केल्याने आजवर फक्त माझा धंदा चालला आहे. आणि लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नये. मास्तर, हे तुमच्यासाठीच लिहिले आहे. मी पाहिले आहे.

मास्तरांना हे आधी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाई, इतकं सगळं माझ्याच्यानं होईल का?" मी म्हटले, "न होऊन सांगता कोणाला?" ही त्यांची संमती समजावी.

कलम चार. माझी हत्यारे, म्हणजे टोके घासून बारीक केलेले स्क्रूड्रायव्हर, चिमटे, रबरी फुगा आणि पकडी, समोरच्या घड्याळजीला द्यावीत. तो मला पाण्यात पाहतो आणि मीही त्याला. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याचे शटर अडले असता त्याने मोठेपणाने त्यात तेल सोडले. ते पात्यांवर पसरले, पाती एकमेकींना चिकटली, आणि निस्तरायला माझ्याकडेच आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तरीही या रस्त्यावर बारीक स्क्रू कसा धरायचा हे कळणारा दुसरा कोणी उरलेला नाही. हत्यारे त्यालाच द्यावीत. तेलाची बाटली तेवढी देऊ नये.

कलम पाच. ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले, ते आता लिहिते.

टेबलाच्या वरच्या खणात मऊ कापडात गुंडाळलेली एका काळ्या कॅमेऱ्याची बॉडी आहे. तिला लेन्स नाही. हा आमच्या आईचा कॅमेरा. आई फोटोग्राफर होती. ओळखपत्रांच्या फोटोंपासून शाळेच्या अख्ख्या वर्गापर्यंत सगळे तिने याच कॅमेऱ्याने काढले. रडणारी पोरे तिच्यासमोर गप्प बसत आणि गप्प बसलेली मोठी माणसे बोलायला लागत. एकदा लेन्स तिच्या हातून स्टुडिओच्या फरशीवर पडली. काच वाचली, पण फोकस केसभर सरकला. मी तेव्हा नुकती हे काम शिकत होते. लेन्स माझ्याने सुधारेना, म्हणून मी बॉडी उघडली आणि अंतर जुळवणारा आतला पितळी स्क्रू त्या लेन्सच्या बिघाडाप्रमाणे फिरवून ठेवला. चुकीला चूक जोडली आणि फोटो बिनचूक यायला लागले. आईने माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून ही बॉडी त्या एका लेन्सशीच जुळते. दुसरी चांगली लेन्स लावली, तर डोळ्यांवर धरलेला फोकस कानांवर पडतो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी धाकटी बहीण तिचे फोटो काढायची. धाकटीची नजर आईची आहे आणि माझे हात आईचे, असे लोक म्हणत. ते खरे आहे. पण एका दुपारी धाकटीने कॅमेरा खिडकीत ठेवला, लेन्सचे टोपण न लावता, तोंड उन्हाकडे करून. या जातीच्या कॅमेऱ्यांचे शटर कापडी पडद्याचे असते. लेन्सने ऊन गोळा केले आणि पडद्याला टाचणीएवढे भोक पाडले. कोणाच्याच लक्षात आले नाही. आई गेल्यानंतर फिल्म धुतली, तेव्हा तिच्या शेवटच्या फोटोंवर एक पांढरा ठिपका होता. बहुतेकांत तो तिच्या चेहऱ्यावरच आला होता.

मी धाकटीला म्हटले, "तू आईचा चेहरा जाळलास."

ती म्हणाली, "आणि तू, ताई? तू तिच्यापाशी बसलीस कधी? सदा हातात तो स्क्रूड्रायव्हर!"

मी म्हटले, "कोणीतरी काम करायला लागतं. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

तिने तिथेच लेन्स फिरवून काढली आणि पर्समध्ये टाकली. "घे तुझं धड," म्हणाली, "काच मी नेते."

वाटणी अशी झाली की दोघींच्याही काही उपयोगाची नाही. माझ्या मुलाच्या लग्नाला ती आली, मुलाशी बोलली, सूनबाईशी बोलली, फोटोसाठी माझ्या शेजारीही उभी राहिली, पण माझ्याशी एक शब्द नाही. मीही काढला नाही. आमच्याकडे हट्ट आईच्या बाजूने आला आहे.

चूक तिचीच होती यावर मी ठाम आहे. टोपण लावायला काय जाते? पण एवढेच लिहून थांबले तर कागद अर्धा राहील. मी पडदा बदलला. शटर आज उत्तम चालते, दर महिन्याला मी ते उडवते. राहिला तो पितळी स्क्रू. चहा निवायच्या आत मी तो पुन्हा मूळ जागी आणू शकते आणि मग कोणतीही लेन्स त्यावर चालेल. गिऱ्हाईक असते तर केव्हाच करून दिले असते. कितीदा बॉडी उघडली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पुन्हा बंद केली. तो फिरवला असता, तर ती लेन्स आता या घरात येणार नाही, हे मी माझ्या हाताने कबूल केले असते. ते मला जमले नाही. मला धाकटीची फार आठवण येते. कागद तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणतात, असे कलमात लिहीत नाहीत. मी लिहिले आहे.

तरी ही बॉडी माझ्या पश्चात धाकटीला मिळावी. अट काही नाही. तिने मला पाहायला यावे असेही नाही, तेव्हा मला काय दिसणार. तिने नको म्हटले, तर तिच्या दारात ठेवून यावे आणि वाद न घालता परतावे. सूचना एकच. आतल्या पितळी स्क्रूला कोणी हात लावू नये, समोरच्या घड्याळजीने तर नाहीच. तिने आपली लेन्स लावावी, फिल्म भरावी आणि समोर येईल त्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस धरावा. तो तिथेच पडेल. ही माझ्या कामाची हमी आहे.

कलम सहा. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या फोटोला हार घालू नये. त्यासाठी कोणता फोटो निवडायचा यावर मुलगा आणि सूनबाई यांच्यात वाद होईल, म्हणून फोटोच लावू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खाडाखोड न करता सही केली.

ठिकाण : दुकानाच्या वरच्या खोलीतले कामाचे टेबल.
तारीख : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, दुपारी.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले : शेजारचे चष्मेवाले
साक्षीदार दुसरी : धाकटी बहीण

सह्यांखाली जागा उरली आहे, म्हणून घडले ते लिहिते.

दुसरे साक्षीदार म्हणून लाँड्रीवाले यायचे होते. त्यांच्या आधी धाकटी आली. मुलाने मला न विचारता तिला ऑपरेशनचे कळवले होते. ती दारातच उभी राहिली. केस सगळे पांढरे झाले आहेत, मला कोणी सांगितले नव्हते. मी माझी सही करून पेन खाली ठेवत होते, चष्मेवाल्यांनी त्यांची केली. धाकटीने कोणाला न विचारता टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्यानेच वाचले. टोपणाच्या वाक्यापाशी तिच्या नाकातून आवाज आला. ते हसू होते की दुसरे काही, मला कळले नाही. पुढचे तिने फार सावकाश वाचले. मग वकीलबाईंना विचारले, "दुसऱ्या साक्षीदाराची सही कुठे करायची?" आणि उत्तराची वाट न पाहता, दिसली त्या जागी केली.

वकीलबाई ओरडल्याच. "अहो, थांबा! ज्याला मिळणार आहे, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. आता तुम्हाला यातलं काहीच मिळणार नाही!"

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

मी म्हटले, "अगं, हे काय करून बसलीस?"

ती माझ्याकडे वळली. "मेलेल्या माणसाकडून मी काही घेत नाही, ताई. द्यायचा असेल तर गुरुवारी आत जा, परत ये आणि माझ्या हातात दे."

एवढे बोलून ती जिना उतरली. चौथ्या पायरीवर अडखळल्याचा आवाज आला, मग खालचे दार वाजले. लेन्स तिच्या पर्समध्ये होती की नाही, मी विचारले नाही. गुरुवारी ती येणार की नाही, तेही तिने सांगितले नाही.

वकीलबाई म्हणतात, दुसरा साक्षीदार घेऊन सगळे पुन्हा लिहावे. मी नाही म्हटले. कलम पाच रद्द समजावे. माझ्या पश्चात तो कॅमेरा कोणाचा, याचे उत्तर या कागदात नाही. वकीलबाईंच्या मते ही फार मोठी त्रुटी आहे. असू दे. मला परत आलेच पाहिजे.