आधी नाव, मग पाय

बेल्हे,
डिसेंबर २००८

प्रिय ताई,

फोनवर मनोऱ्याचा विषय काढला की तू "पाणी आलंय, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस. ओतूरला दिवसातून इतक्या वेळा पाणी येत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. रागावू नकोस. गेले काही दिवस माझी इतकी चिडचिड होते आहे की काल फळ्यावर खडू मोडला तर मी खडूलाच बोलले. मुली हसल्या, आणि मग मला वाटत राहिलं की आता ह्या घरी जाऊन बाई वेड्या झाल्या म्हणून सांगतील.

शाळेत मी मुलींचा मनोरा बसवते आहे, हे तुला आईकडून कळलंच असेल. शिकवायची पद्धत आपल्या अंगणातलीच, आप्पांनी घालून दिलेली; तिथे मी सगळ्यांत वर असायचे हे मुलींनाही सांगून झालंय. खाली गव्हाचं काड पसरायचं, पैंजण-बांगड्या काढून ठेवायच्या, कुणी हसवायचं नाही. खाली सहा जणी खांद्याला खांदा लावून, त्यांच्यावर तिघी आणि सगळ्यांत वर रिंकू. ही किराणा दुकानवाल्या रमणलालशेठची नात, सातवीत आहे, चिमणीएवढी. खालच्या रांगेत मधोमध हर्षाली. नववीतली, उंच, रुंद खांद्यांची, घरी गवताचा भारा एकटी उचलून डोक्यावर घेणारी. तिने "धरा" म्हटलं की सहाही जणींचा श्वास एकदम थांबतो. असं मी त्यांना शिकवलेलं नाही, ते तिचं तिलाच आलं.

आणि आप्पांचा नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला. आधी नाव, मग पाय. जिच्या खांद्यावर पाय ठेवायचा तिचं नाव घेऊन "येऊ?" विचारायचं, आणि खालून "ये" आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आप्पा पोलिसातून हे शिकून आले होते की त्यांच्या मनाचं होतं, कोण जाणे. "माणसावर चढतीस, जिन्यावर न्हाई," म्हणायचे. एरवी तुला नावाने हाक मारली असती तर आईने पाठीत धपाटा घातला असता. फक्त मनोऱ्यात, तुझ्या खांद्यावर पाय ठेवताना, मी तुला शालन म्हणायचे. त्या वेळी मला त्याचीच मजा जास्त वाटायची.

सगळं नीट चाललं होतं. मग चांगदेवभाऊ आले. गावात क्रिकेटचे सामने भरवतात ते. या उन्हाळ्यात टीव्हीवर क्रिकेट बघितल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच, आपल्यालाही चिअरलीडर पाहिजेत. "सभ्य कपड्यात हो मॅडम, गैरसमज नको. हातात रंगीत गोंडे, आणि तुमचा तो मनोरा. गाव बघत राहील." मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मुलींना मैदान मिळत होतं. गोंडे आम्ही पतंगाच्या कागदाचे करून घेतले. पण सराव बघायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, खालच्या पोरी जरा लई दांडग्या दिसत्यात. टीव्हीत बघा, समद्या कशा काडीवानी." मी म्हटलं, भाऊ, काडीवर काडी ठेवली तर तिसरी काडी कुठे राहील? ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा पाठवला. फ्लेक्स. दोन बांबूंना बांधलेला, त्यावर हात जोडलेले चांगदेवभाऊ आणि "क्रीडाप्रेमींचे हार्दिक स्वागत". तो खालच्या रांगेपुढे धरायचा, म्हणजे लोकांना वरच्या चौघीच दिसतील. मुख्याध्यापक म्हणाले, "आरतीबाई, ते शाळेला पाण्याची टाकी देतायत. एक कापड धरायला काय हरकत आहे?" शिक्षणसेविकेच्या नोकरीत किती बोलायचं असतं, याचा हिशोब मी सतत करत असते. पण म्हटलं, एकदा सराव तरी होऊ दे, म्हणजे सरांनाच दिसेल.

दिसलं ते सगळ्यांना. भाऊंच्या फोटोतल्या टोपीतून माझ्या मुली उगवल्यासारख्या वर आल्या आणि कुंपणापाशी जमलेली पोरं ओरडली, "आरं, भाऊंच्या डोक्यावर पोरी चढल्या!" सगळं मैदान हसलं. फ्लेक्सच्या मागे सहा जणी घामाने निथळत, समोरचं काही न दिसता उभ्या होत्या. हर्षालीने रांग मोडू दिली नाही. आधी रिंकूला उतरवलं, मग तिघींना, सगळ्यांचे पाय काडावर टेकल्याची खात्री केली, आणि मग फ्लेक्सच्या बाजूने बाहेर येऊन मला म्हणाली, "बाई, आमी दिसायला नको ना? मग आमी नायच." पाचही जणी तिच्या मागे गेल्या. मला कुणाला थांबवता आलं नाही, आणि थांबवायचं कोणत्या तोंडाने?

सर म्हणाले, दुसऱ्या घ्या, बारीक बघून. घेतल्या. ताई, त्या पोरींचा काही दोष नाही, त्या बिचाऱ्या लेझीमला उत्तम आहेत. तिघी कशाबशा वर गेल्या तेव्हाच खालच्यांचे गुडघे लटलटायला लागले. रिंकूने नियमाप्रमाणे नाव घेऊन विचारलं. खालून "ये" आलं, रडकं. तिने उचललेला पाय परत खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ती ये म्हणतीय, पण तिला मी नकोय." एवढीशी पोर. मी सराव तिथेच बंद केला.

त्या संध्याकाळी मी हर्षालीच्या घरी गेले. तिची आजी, ठमाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "या बाई," म्हणाली, "बरं झालं आलात. पोर अर्धीच भाकर खाती आता. इचारलं तर म्हनती, मला बारीक व्हायचंय. लई कामाची पोर हाय माझी, तिला कुनी काय बोललं का वो?" तेवढ्यात हर्षाली आतून आली. मी म्हटलं, फ्लेक्स नसेल, मी सरांना स्पष्ट सांगते, पण तुम्ही या. ती चिडली नव्हती, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी वरच्या व्हत्या ना? मग तुमाला न्हाई कळायचं."

ती खरं बोलली. येताना रस्ताभर मला मंचरला आपल्या मनोऱ्याला मिळालेलं बक्षीस आठवत होतं. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस, म्हणून मीही नाही. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं होतं, माझ्या डोक्याला फेटा बांधला होता. आणि मग माइकवरून तुमच्या रांगेकडे हात करून म्हणाले होते, "ह्या पोरींना बाजार समितीत ठेवा राव, कांद्याच्या गोण्या उचलायला हमाल नको!" लोक हसले. आप्पाही हसले. मला वरून ते दिसलं. तू खाली बघून टॉवेलची घडी घालत होतीस, आणि ती घडी संपतच नव्हती. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, गुडघा दुखतो, आणि मनोरा सोडलास. त्याच गुडघ्यांवर तू पुढे सगळी उन्हाळी बाजरी काढलीस. त्यानंतर कुठल्याही फोटोत तू पुढे उभी राहिली नाहीस. माझ्या डीएडच्या निकालादिवशीसुद्धा सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत मागे राहिलीस.

अवसरीला आप्पांच्या घरात तो मनोऱ्याचा फोटो अजून लावलेला आहे. दिवाळीत मी आप्पांना विचारलं, खालची रांग कुठे गेली? म्हणाले, "काचंचं माप तेवढंच व्हतं." खरंच तेवढंच असेल. आप्पा खोटं बोलत नाहीत. पण कापायची वेळ आली तेव्हा खालूनच कापलं, हे मला आता गिळता येत नाही. त्या फोटोत वरच्या आम्ही तेवढ्या दिसतो, आणि आमच्या पायांखाली कुणाचे खांदे होते हे नवीन माणसाला सांगावं लागतं.

आज मी सरांना आणि भाऊंना सांगून टाकलं, मनोरा होईल तर फ्लेक्सशिवाय होईल. भाऊ म्हणाले, "बाई, पोरीच न्हाईत तुमच्याकडं, अट कसली घालताय?" आणि इथे माझं सगळं अडलं आहे. सहा जणी परत आल्या तर मी पुढचं निभावीन. त्यांना मी आणू शकत नाही. ज्या बाईने कधी कुणाला खांद्यावर घेतलं नाही, तिचं त्यांनी का ऐकावं? तू भाषण करू नकोस, कुणाची समजूत घालू नकोस. नुसती ये, हर्षालीच्या शेजारी उभी राहा, आणि वरून ओझं येतं तेव्हा श्वास कुठे धरायचा ते तिला सांग. आणि वाटलं तर मंचरचंही सांग. अर्धी भाकर खाणाऱ्या त्या पोरीला तेवढं कळलं पाहिजे, की हे ऐकलेली आणि अजून ताठ चालणारी एक बाई आहे. रविवारी पहिल्या एसटीने मी तुला न्यायला निघेन. पण मी तुझ्याकडून शिकलेली आहे, उत्तर आल्याशिवाय पाय उचलणार नाही.

शालन, येऊ?

तुझीच,
आरू